वेगाची मोजदाद

कार्यालयातला वेग मंदावला आहे, ही वार्ता नानांपर्यंत सर्वांत शेवटी पोहोचली. आणि मूळ दुखण्यापेक्षा हा क्रमच त्यांना अधिक झोंबला. नाना त्या कार्यालयाचे व्यवस्थापक होते. इमारतींचे नकाशे काढून देणारे ते कार्यालय तसे लहानच: मोजकी टेबले, भिंतीला पाठ लावून उभे असलेले एक लोखंडी कपाट, आणि कोपऱ्यात तो सामायिक संगणक, ज्याच्या पोटात सगळे नकाशे नांदत. प्रत्येक टेबलापासून एक निळी तार निघे, भिंतीच्या कडेकडेने मर्यादशीलपणे जाई, स्विच नावाच्या चपट्या डबीत शिरे आणि तिथून एका मुख्य तारेने सामायिक संगणकाला मिळे.

ह्या तारा नानांच्या आग्रहाने आलेल्या होत्या. सगळे जग बिनतारी होऊ लागले असता नानांनी भर बैठकीत मालकांना, म्हणजे साहेबांना, सांगितले होते, "हवेतून येणारी गोष्ट हवेतच जाते, साहेब. तार कुठून निघाली आणि कुठे पोहोचली, हे हात लावून दाखवता येतं." साहेबांना हा युक्तिवाद पटला, की त्यावरचा पुढचा युक्तिवाद ऐकण्याची त्यांची तयारी नव्हती, हा प्रश्न अद्याप अनिर्णित आहे. तारा मात्र आल्या. तेव्हापासून त्या तारांना कोणी नावे ठेवली, की नानांना आपल्याच घराण्याची बदनामी झाल्यासारखे वाटे.

तर नकाशे काढणारा ड्राफ्ट्समन एका दुपारी त्यांच्या टेबलाशी येऊन म्हणाला, "नाना, मी नकाशा उघडायला लावला, चहा पिऊन आलो, तरी तो आपला उघडतोच आहे."

"चहाला किती वेळ लागला?"

"नेहमीइतका."

"नेहमीइतका हे परिमाण नव्हे," नाना म्हणाले. "शिवाय तुमचा चहा हा एक स्वतंत्र विषय आहे."

परंतु चौकशीअंती असे निष्पन्न झाले की सगळेच चहाला जाऊन येत होते, आणि सगळ्यांचेच नकाशे उघडत राहिले होते. हिशेब पाहणाऱ्या ताईंनी तर ह्या रिकाम्या वेळात अर्धा स्वेटर विणला होता. "मला वाटलं तुम्हाला माहीत असेल," त्या म्हणाल्या. "तुम्हाला सगळं माहीत असतं म्हणून कुणी सांगितलं नाही." ह्या वाक्यात स्तुती किती आणि टोमणा किती, हे नाना संध्याकाळपर्यंत पारखत होते.

साहेबांनी त्यांना आत बोलावले. साहेब स्वभावाने मऊ. कठोर गोष्ट सांगायची असली की ते आधी पाण्याचा पेला पुढे करत. पेला पाहूनच नाना सावध झाले.

"नाना, रुग्णालयाचे नकाशे लवकरच द्यायचे आहेत. तोवर हे धड झालं नाही, तर जावईबापूंना बोलावतो. ते म्हणतात, तारा उपटून टाकू, सगळं बिनतारी करू. आणि एकदा त्यांनी हात घातला की व्यवस्थाही त्यांनीच बघावी असं माझ्या मनात आहे."

"आणि मी?"

"तुम्ही दारापाशी बसा. आल्यागेल्याशी तुमच्याइतकं शुद्ध कोण बोलणार?"

दारापाशी एक टेबल होते. त्यावर एक घंटी आणि एक प्लास्टिकचे रोप होते, आणि तिथे बसणाऱ्याला दिवसभर एकाच प्रश्नाचे उत्तर द्यावे लागे: साहेब आहेत का? ज्या माणसाने ह्या कार्यालयातल्या प्रत्येक खिळ्याची जागा ठरवली, त्याने उरलेले आयुष्य 'बसा, येतीलच' ह्या एका वाक्यावर काढावे, ही कल्पनाच नानांना असह्य झाली. घरी हे सांगितल्यावर सौभाग्यवतींनी भाजी चिरता चिरता एवढेच म्हटले, "दारापाशी वारा तरी चांगला येईल." संसारात सहानुभूती अशा निरनिराळ्या रूपांत येते.

दुसऱ्या दिवसापासून नानांनी कंबर कसली. पहिला फोन त्यांनी इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीला केला. बराच वेळ सनई ऐकवल्यानंतर एका गोड आवाजाने सांगितले, "सर, तुमचा बाहेरचा वेग उत्तम आहे."

"मी आतल्या वेगाबद्दल विचारतो आहे."

"आतलं आम्ही बघत नाही, सर."

"मग आतलं कोण बघतं?"

"आतलं ज्याचं त्याने बघायचं असतं, सर."

एखाद्या तत्त्वज्ञाला शोभेल असे हे उत्तर एक मुलगी पगारावर देते, ह्याचे नानांना कौतुक वाटले. मात्र त्याने नकाशा उघडला नाही.

समोरच्या गाळ्यातल्या दंतवैद्यांना एव्हाना कुणकुण लागली होती. मधल्या बोळातून येताजाता डोकावण्याची त्यांना सवय होती. दुसऱ्याच्या घरचे दुखणे ऐकले की त्यांचा चेहरा उजळत असे. "तुमच्याकडे दुखतंय म्हणे," ते दारातूनच म्हणाले. "मी काय करतो सांगू का? एकेकावर हलकेच ठोकून बघतो. ज्याला कळ येईल तो किडका. मग उपटायचा आणि दुसरा बसवायचा."

"तारेला कळ येत नाही, डॉक्टर."

"मग तुमचं काम माझ्यापेक्षा अवघड आहे," दंतवैद्य म्हणाले, आणि समाधानाने आपल्या रुग्णाकडे परतले.

तरीही पद्धत म्हणून नानांनी ती स्वीकारली. एकेक तार काढावी, तिच्या जागी चांगली तार लावावी, आणि फरक पाहावा. परंतु एक तार मधल्या बोळाच्या छतातून पलीकडच्या खोलीत गेली होती, आणि ते छत इमारतीच्या मालकीचे होते. इमारतीचे सेक्रेटरी हे नियमांवर मनापासून प्रेम करणारे गृहस्थ. ते म्हणाले, "छत उघडायला हरकत नाही. अर्ज द्या. कुठली तार कुठून जाते त्याचा नकाशा जोडा."

"तो नकाशा सामायिक संगणकावर आहे," नाना म्हणाले. "तो उघडत नाही. म्हणूनच छत उघडायचं आहे."

सेक्रेटरींनी चष्मा कपाळावर चढवला. "नाना, नकाशे काढणाऱ्यांनीच नकाशा जोडला नाही, तर बाकीच्यांनी कुणाकडे बघायचं?"

ह्या प्रश्नातला तर्क नानांना खोडता येईना, आणि खोडता न येणाऱ्या तर्कापुढे मान तुकवायची हा त्यांचा जन्माचा बाणा. त्यांनी सकाळी नकाशा उघडायला लावला. तो दुपारी उघडला. अर्ज मंजूर झाला. नाना स्टुलावर चढले आणि छाताडापर्यंत छतात शिरले.

ह्या अवस्थेत त्यांच्या प्रतिष्ठेला जो धक्का बसला तो नमूद करणे भाग आहे. वरच्या अंधारात, धूळ आणि कोळिष्टकांच्या सान्निध्यात, ते एका निर्दोष तारेची उलटतपासणी घेत असता खालून कोणीतरी त्यांच्या पायांना विचारले, "डॉक्टर, अजून किती वेळ?" दंतवैद्यांकडे आलेला, गाल सुजलेला तो इसम होता. "मी डॉक्टर नाही," छतातून उत्तर आले. "मग तुम्ही वर काय करता?" नानांनी कारण सांगितले, मुद्देसूद सांगितले, आणि सांगून खाली उतरले तेव्हा बोळात कोणी नव्हते. तारेत काही दोष नव्हता.

दोष सापडला तो ताईंच्या पेनाच्या टोपणामुळे. टोपण घरंगळत लोखंडी कपाटाखाली गेले, ताई ओणव्या झाल्या आणि तशाच म्हणाल्या, "नाना, कपाटाचा पाय निळ्या तारेवर उभा आहे हो." ती मुख्य तार होती. सगळ्यांचे सगळे नकाशे जिच्यातून जायचे, तिच्यावर कागदांनी भरलेले कपाट पाय रोवून उभे होते. कपाट कधी सरकले आणि कोणी सरकवले, ह्यावर कार्यालयात एकाएकी गाढ शांतता पसरली. चौघांनी कपाट उचलले. नवी तार घातली. ड्राफ्ट्समनने रुग्णालयाचा नकाशा उघडून पाहिला आणि म्हणाला, "नाना, उघडला की लगेच."

गोष्ट इथे संपायला हवी होती. कुठल्याही सामान्य माणसाने इथे हात झटकले असते. पण नानांनी विचारले, "लगेच म्हणजे किती?"

"लगेच म्हणजे लगेच. बरं वाटतंय आता."

"वाटणं हा पुरावा नव्हे. साहेबांनी विचारलं तर काय सांगू, ड्राफ्ट्समनला बरं वाटतंय? मोजावं लागेल."

आणि नानांनी मोजणी सुरू केली. रुग्णालयाचा संपूर्ण नकाशा, जो त्या कार्यालयातला सर्वांत अगडबंब ऐवज होता, तो सामायिक संगणकावरून आपापल्या यंत्रावर आणायचा आणि किती वेळ लागला ते पाहायचे. आता एकाच यंत्रावर मोजणे हा नानांच्या दृष्टीने पक्षपात झाला असता. तेव्हा सगळ्या यंत्रांवर. वेगवेगळ्या वेळी मोजले तर तुलना सदोष. तेव्हा एकाच वेळी. एकदाच मोजले तर तो योगायोग असू शकतो, तेव्हा पुनःपुन्हा. ड्राफ्ट्समन कल्पक होता. त्याने अशी सोय करून दिली की सकाळी आल्यावर प्रत्येकाने एक कळ दाबायची. मग यंत्र आपण होऊन नकाशा आणी, वेळ दाखवी, तो नकाशा टाकून देई आणि पुन्हा आणायला जाई. नाना त्या रात्री तृप्त मनाने झोपले. जेवणाची सुट्टी सोडली, तर तपासणी दिवसभर अखंड चालली होती.

वेग मात्र पहिल्यापेक्षाही बसला.

नाना चक्रावले. कपाट उचलले, तार बदलली, तरी हे कसे? त्यांनी उरलेल्या ताराही बदलल्या. स्विच बदलला. नवा स्विच गुदमरत असेल म्हणून त्याला खिडकीजवळच्या स्टुलावर हवेशीर बसवला. दंतवैद्य येऊन म्हणाले, "अक्कलदाढ असेल, ती सगळ्यांना ढकलते," आणि नानांनी पहिल्यांदाच त्यांच्याशी वाद घातला नाही, ह्यावरून त्यांची मनःस्थिती ओळखावी. जसजसे आकडे बिघडत गेले, तसतशी मोजणी अधिक कसून होऊ लागली. जेवणाच्या सुट्टीत मोजणीला मिळणारी मोकळीकही नानांनी बंद केली. ताईंचा स्वेटर पुरा झाला. त्यांनी टोपी विणायला घेतली.

शेवटी साहेबांनी पाण्याचा पेलादेखील पुढे केला नाही. "नाना, जावईबापू उद्या येताहेत," ते म्हणाले.

जावईबापू आले ते चाकांची बॅग ओढत. हसतमुख, चटपटीत माणूस. कार्यालयात शिरताना त्यांनी दारापाशच्या टेबलावरची घंटी सहज वाजवून पाहिली, आणि ती टिणटिण नानांच्या काळजात उतरली. सगळे टेबले सोडून भोवती उभे राहिले.

"बंद करून चालू केलं का?" जावईबापूंनी विचारले.

"तो उपाय नव्हे," नाना म्हणाले. "ती यंत्राची मनधरणी झाली. कारण कळल्याशिवाय—"

"नाना, करू द्या ना त्यांना," साहेब म्हणाले.

सगळी यंत्रे बंद झाली. सगळी चालू झाली. साहेबांनी स्वतः रुग्णालयाचा नकाशा उघडायला लावला, आणि बोट उचलायच्या आत तो उघडला. पहिल्या मजल्याचे पान, अगदी सगळ्या खोल्यांसकट. जावईबापूंनी खांदे उडवले. "साधी गोष्ट होती, काका."

काका म्हणवून घेण्याचे दुःख नाना गिळू शकले असते. साधी गोष्ट हे शब्द त्यांच्या घशात अडकले. साहेबांनी एकदा जावयाकडे कौतुकाने, आणि एकदा, अगदी ओझरते, दारापाशच्या टेबलाकडे पाहिले.

तेवढ्यात ताई म्हणाल्या, "नाना, सकाळची मोजणी लावायची राहिली या गडबडीत. लावू का?"

"लावा," नाना सवयीने म्हणाले.

सगळ्यांनी आपापल्या टेबलाशी जाऊन कळ दाबली. साहेबांनी दुसरा मजला पाहावा म्हणून पुढचे पान मागितले, आणि ते पान यायला निघाले. निघालेच. येईना. साहेबांनी पुन्हा टिचकी मारली. जावईबापू पुढे वाकले. त्यांच्या कपाळावर आठी उमटली.

आणि नानांना कळले.

त्यांना ते एकदम, लख्ख कळले. बंद केल्यावर मोजणी थांबली, तेव्हा वेग आला. मोजणी लागली, तेव्हा वेग गेला. मधल्या काळात दुसरे काहीही बदलले नव्हते. तारा चांगल्या होत्या. कपाट उचलले त्याच दिवशी रोगी बरा झाला होता; त्यानंतर ते सगळे मिळून त्याला क्षणाक्षणाला उठवून विचारत होते, झोप लागली का.

पाठोपाठ त्यांना आणखी एक गोष्ट कळली, आणि ती अधिक नाजूक होती. साहेब आता जावईबापूंकडे ज्या नजरेने पाहत होते, ती नजर नानांच्या ओळखीची होती. गेले कित्येक दिवस ती त्यांच्याच वाट्याला येत होती. जावईबापूंचा उपाय सर्वांदेखत फसला होता. नानांनी फक्त गप्प राहायचे होते. जेवणाच्या सुट्टीपर्यंत तोंड मिटून ठेवले, तर जावईबापू आपली बॅग ओढत परत जातील. मग हळूच मोजणी बंद करावी, वेग परत येईल, आणि नाना आपल्या जागी, व्यवस्था आपल्या हाती. आयुष्यात न बोलण्याने इतके मोठे फळ मिळण्याची संधी त्यांना पहिल्यांदाच येत होती.

नानांनी ओठ घट्ट मिटले. हे त्यांच्या बाजूने नोंदले पाहिजे.

"काय आहे बाबा," जावईबापू सासऱ्यांना म्हणाले, "तारेत हाच त्रास असतो. वापरून वापरून त्यात डेटा साठत जातो. गाळ बसतो तसा. बंद केलं की तो वाहून जातो, पुन्हा चालू केलं की पुन्हा साठायला लागतो. म्हणून तर बिनतारी बरं."

नानांनी खिडकीबाहेर पाहिले. त्यांनी आकडे मनात मोजले. त्यांनी दारापाशच्या प्लास्टिकच्या रोपाचे एकेक पान डोळ्यांपुढे आणले. पण गाळ हा शब्द त्यांच्या कानांत भुंगा शिरावा तसा शिरला होता.

"क्षमा करा," नाना म्हणाले. "तारेत काहीही साठत नाही."

"मग असं का होतंय, काका?"

"माझ्यामुळे."

सगळ्यांनी माना वळवल्या. ड्राफ्ट्समनने नानांना डोळ्यांनी गप्प राहायची खूण केली. त्यालाही बहुधा आत्ताच उमगले होते, आणि ती कळीची सोय त्याची होती. पण नाना आता कोणाला आवरणार नव्हते. "सगळ्यांनी मोजणी थांबवा," ते म्हणाले. थांबवली. "साहेब, पान मागा." पान आले. "आता लावा." लावली. "मागा." आले नाही. "आता फक्त खिडकीकडच्यांनी थांबवा. मागा, साहेब. पाहिलंत? थोडं रेंगाळलं, पण आलं. म्हणजे जितके मोजणारे अधिक, तितका वेग कमी. कारण आणि कार्य यांचा संबंध यापेक्षा उघडा कुठे सापडणार? आता ताईंनी एकट्यांनी—"

"नाना, पटलं."

"ताईंच्या बाजूने एकदा पाहू या, साहेब. कुणी म्हणायला नको की—"

"नाना," साहेब म्हणाले, "चूक तुमची आहे हे आम्हा सगळ्यांना पटलं."

"निर्विवाद माझी," नाना म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर धुतल्यासारखी टवटवी आली होती.

साहेब खुर्चीत मागे रेलले. "म्हणजे हे बरं कधी झालं होतं?"

"कपाट उचललं त्या दिवशी."

"आणि त्यानंतर आपण काय करत होतो?"

"बरं झालं का, ते विचारत होतो. सगळे. एकाच वेळी. न थांबता."

साहेब हसले नाहीत, कारण जावई उभे होते. पण त्यांनी रुमाल काढून बराच वेळ नाक पुसले. मग ते म्हणाले, "तारा राहू देत. तुम्हीही आतच राहा. दारापाशी बसवलं, तर येणाऱ्याला तुम्ही 'साहेब आहेत' याचा पुरावा दाखवत बसाल, आणि माणूस आत यायचा नाही. मोजणी मात्र बंद. घरी गेल्यावरसुद्धा मोजायचं नाही."

"मग मी काय करू?" जावईबापूंनी विचारले.

"तुम्ही संध्याकाळी घरी या. सासूबाईंचा टीव्ही अडकतो आहे. तिथे बंद करून चालू करणं चालतं."

नाना त्या दिवशी घरी शीळ घालत आले, ही घटना इतकी विरळा होती की सौभाग्यवती हात पुसत बाहेर आल्या.

"लागलं का मार्गी?"

"लागलं. चूक सापडली."

"कुणाची होती?"

"माझी."

त्यांनी नवऱ्याला आपादमस्तक न्याहाळले. "अहो, मग एवढे खुशीत कशाने?"

नानांनी चप्पल एका रेषेत लावली, खुर्चीत बसले, आणि सावकाश म्हणाले, "कुणाची होती ते विचारलंस. सिद्ध कुणी केली, ते विचार ना."